एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

इंची लेथ विकत घेतला की त्याच्यासोबत चेंज गिअरचा एक संच यायचा. त्यातली चाकं पाचाच्या पाढ्यानं चालत: २०, २५, ३०, ३५ असं करत १२० दात्यांपर्यंत. आणि या शिस्तीत न बसणारं एक थोरलं चाक त्या संचात असायचं, १२७ दात्यांचं. पाचाच्या पाढ्यात ते नाही, दुसऱ्याही कुठल्या पाढ्यात सापडत नाही, कारण १२७ ही मूळ संख्या आहे. आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारावं. ते चाक इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला लागतं, हे तो झोपेतही सांगेल. पण आकडा नेमका १२७ च का, आणि तो भारतातल्या खात्याखात्यांत पोचेपर्यंत जगात काय काय घडलं, ही गोष्ट लेथच्या खात्याबाहेर फारशी सांगितली जात नाही.

लेथवर आटे पडतात ते दोन हालचालींच्या मेळातून. चकात धरलेला जॉब फिरतो आणि कॅरेजवर बसवलेलं टूल त्याच्या लांबीच्या दिशेनं सरकतं. जॉबचा एक फेरा पुरा होईतो टूल जेवढं सरकेल, तेवढं दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच. टूलला असं मोजून सरकवण्याचं काम लीड स्क्रू करतो. लेथच्या पुढच्या अंगाला आडवा बसवलेला हा लांबलचक आटेदार दांडा. हाफनट, म्हणजे कॅरेजवरचं दोन भागांत उघडणारं नट, मिटलं की कॅरेज लीड स्क्रूला धरतं आणि तो नेईल तसं जातं. चकाची गती लीड स्क्रूपर्यंत पोचवतात ते चेंज गिअर. चाकं बदलली की पिच बदलतं. लीड स्क्रू मात्र बदलत नाही. तो इंचात कापलेला असला, तर त्या लेथचं सारं गणित इंचात.

आता हा लीड स्क्रू आला कुठून? तो दुसऱ्या एखाद्या लेथवर कापला गेला, तिथल्या लीड स्क्रूच्या आधारानं. तो आणखी तिसऱ्यावर. विरजणासारखा हा प्रकार आहे: आधीचं असल्याशिवाय पुढचं लागत नाही, आणि आधीच्यात खोट असेल तर ती पुढे उतरते. म्हणूनच पहिला चांगला स्क्रू कुणी आणि कसा बनवला, हा यंत्रांच्या इतिहासातला फार मोठा प्रश्न ठरला.

आटे पाडणाऱ्या यंत्रांची कल्पना तशी जुनी. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत अशा यंत्राचं रेखाटन आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जेसी रॅम्सडेन यानं खगोलशास्त्राच्या आणि नौकानयनाच्या उपकरणांसाठी बारीक आणि अचूक स्क्रू कापणारी यंत्रं बनवली. पण ती घड्याळजीच्या मापाची कामं होती. लोखंडी यंत्रांच्या कारखान्यात रोज वापरता येईल असा आटे पाडणारा लेथ उभा केला तो हेन्री मॉडस्ले यानं.

मॉडस्ले १७७१ साली वुलिचला जन्मला. कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात तो तरुणपणी लागला आणि काही वर्षांत तिथला मुख्य कारागीर झाला. आठवड्याला ३० शिलिंग मिळत. संसार वाढला तसा त्यानं पगार वाढवून मागितला, ब्रामानं नाही म्हटलं, आणि १७९७ मध्ये मॉडस्लेनं स्वतःचं दुकान थाटलं. ब्रामाची ती काटकसर इंग्लंडच्या उद्योगाला फायद्याची ठरली असंच म्हणावं लागेल. पुढच्या दोन-तीन वर्षांत मॉडस्लेनं बनवलेल्या लेथमध्ये लोखंडी बैठक, हातानं टूल धरण्याऐवजी टूल पकडून सरकणारी स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू आणि बदलता येणारे गिअर, हे सगळं एकत्र आलं. यातली एकही गोष्ट सुटी पाहिली तर साफ नवी नव्हती. एकत्र आणि भक्कम मात्र ती इथे आली.

पहिल्या स्क्रूसाठी त्यानं वापरलेली युक्ती साधी होती. लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या गोल दांड्यावर एक धारदार पातं ठरलेल्या कोनात कलतं टेकवायचं आणि दांडा फिरवायचा. पातं आपोआप मळसूत्री वाट कापत पुढे सरकतं. असे पुष्कळ दांडे कापायचे, त्यांतले उत्तम निवडायचे, त्यांच्यावरून पोलादी स्क्रू काढायचा, मग त्या स्क्रूवरून आणखी चांगला. या वाटेनं जात मॉडस्लेनं एक स्क्रू बनवला तो पाच फूट लांब, दोन इंच जाड आणि इंचाला ५० आटे असलेला. त्याचं नटच बारा इंच लांब होतं आणि त्यात ६०० आटे होते. एवढ्या आट्यांत एखाद-दुसऱ्याची चूक सरासरीत विरून जाते, हा त्यामागचा हिशेब. कारखान्यात त्यानं स्वतःसाठी एक मायक्रोमीटर बनवून ठेवला होता आणि त्याला नाव दिलं होतं ‘लॉर्ड चॅन्सलर’. मापाबद्दल वाद झाला की निवाडा त्याचा, आणि त्यावर अपील नाही.

हे सारं होईपर्यंत बाहेर काय चाललं होतं? प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. मॉडस्लेच्याच हाताखाली काम केलेल्या जेम्स नॅस्मिथनं पुढे लिहून ठेवलं की त्याआधी प्रत्येक बोल्ट आणि त्याचं नट ही एकमेकांपुरती जोडी असायची. त्यांच्यावर खुणा करून ठेवाव्या लागत, आणि यंत्र खोलताना जोड्यांची सरमिसळ झाली तर दुरुस्ती करणाऱ्याचे हाल. नामांकित लेथ बनवणाऱ्या लंडनच्या होल्टझाप्फेल घराण्याच्या लेथवर एक आटा होता इंचाला ९.४५ असा. साडेनऊ नाही, नऊ नाही, ९.४५. कधीतरी कुणीतरी कापलेला एक स्क्रू, आणि त्याचे वंशज त्याचा आकडा वाहत राहिलेले, एवढंच त्याचं कारण असावं.

मॉडस्लेकडे शिकून गेलेला दुसरा कारागीर जोसेफ व्हिटवर्थ. त्यानं १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. स्वतःच्या डोक्यातून आदर्श आटा काढण्याच्या भानगडीत तो पडला नाही, यात त्याचं व्यवहारज्ञान दिसतं. त्यानं देशभरातल्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे त्यानं आपला तक्ता मांडला: आट्याचा कोन ५५ अंश, शेंडा आणि बूड गोलसर, पाव इंची बोल्टला इंचाला २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. कुणाचंच पुरतं नुकसान होत नाही म्हणून सगळ्यांनी हळूहळू हा तक्ता उचलला. रेल्वे कंपन्यांनी तो सर्वदूर नेला.

अमेरिकेला तो पटला नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आपला वेगळा आटा मांडला. त्याची तक्रार खात्यात उभ्या राहणाऱ्या माणसाची होती. ५५ अंशांचा कोन तपासायला कठीण, ६० अंशांचा सोपा, कारण तो समभुज त्रिकोणाचा. व्हिटवर्थचे गोल शेंडे नीट उतरवायला तीन तऱ्हेची टूलं आणि दोन लेथ लागतात. शेंडा सपाट ठेवला तर एक टूल आणि एक लेथ पुरे. या युक्तिवादात तत्त्वज्ञान नाही, मजुरी वाचवण्याचा हिशेब आहे, आणि तो खरा होता. काही वर्षांत अमेरिकन नौदलानं सेलर्सचा आटा स्वीकारला.

फ्रान्समध्ये मीटर आला तो क्रांतीच्या काळात, १७९० च्या दशकात. पण कापड आणि धान्य मीटर-किलोत मोजणं वेगळं आणि बोल्टचे आटे मिलिमीटरमध्ये कापणं वेगळं. युरोपातल्या कारखान्यांतही व्हिटवर्थची इंची यंत्रं पोचली होती, त्यामुळे मेट्रिक देशात इंची आटे असा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालला. १८९८ मध्ये झुरिकला फ्रेंच, जर्मन, स्विस आणि इतर मंडळींची परिषद भरली आणि तिथे मेट्रिक आट्याचा एक आंतरराष्ट्रीय तक्ता ठरला. त्यातली मापं मिलिमीटरची होती, पण आकार? कोन ६० अंश, शेंडा सपाट, म्हणजे सेलर्सचा. मेट्रिकला आजवर दूर ठेवणाऱ्या अमेरिकेनंच मेट्रिक आट्याला त्याचं रूप दिलं. आजचा एम १० किंवा एम १२ बोल्ट भिंगाखाली धरला तर दिसतो तो हाच ६० अंशांचा त्रिकोण.

ब्रिटिशांचा किस्सा याहून मासलेवाईक आहे. उपकरणांतल्या आणि विजेच्या सामानातल्या बारीक स्क्रूंसाठी ब्रिटिश असोसिएशननं १८८४ च्या सुमारास एक तक्ता ठरवला, तोच बीए. रेडिओ, मीटर, विजेची बटणं दुरुस्त करणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना २ बीए, ४ बीए हे स्क्रू चांगलेच माहीत होते, आणि ते सगळे त्यांना पक्का इंग्रजी माल समजत. प्रत्यक्षात तो तक्ता थुरी नावाच्या स्विस प्राध्यापकाच्या पद्धतीवरून घेतलेला होता. ० बीए म्हणजे ६ मिलिमीटर व्यास आणि बरोबर १ मिलिमीटर पिच. पुढच्या प्रत्येक क्रमांकाला पिच आधीच्याच्या ०.९ पट. इंचाचा अभिमान मिरवणाऱ्या देशानं मिलिमीटरचे स्क्रू स्वतःचं नाव देऊन पाऊण शतक विकले.

तर आता जगात इंची लीड स्क्रूचे हजारो लेथ होते आणि मिलिमीटरच्या आट्यांची मागणी वाढत होती. लीड स्क्रू बदलणं म्हणजे जवळपास लेथ बदलणं. मग उरला एकच मार्ग, गिअरमध्ये हिशेब बसवायचा. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. गिअरला अर्धा दाता नसतो, त्यामुळे दशांश घालवायला दोन्हीकडे पाचानं गुणायचं: पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. १२७ ला भाग जात नाही म्हणून त्याच्याऐवजी लहान चाक चालत नाही. पुरे १२७ दातेच हवेत. इथून ते थोरलं चाक संचात आलं.

गंमत अशी की ते चाक वापरात आलं तेव्हा इंच नेमका २५.४ मिलिमीटर नव्हताच. ब्रिटिश इंच त्याहून किंचित कमी भरायचा, सुमारे २५.३९९९८, अमेरिकन इंच किंचित जास्त, सुमारे २५.४०००५. एकाच नावाची दोन मापं आणि मधोमध हे चाक. हा फरक बोल्टला जाणवणारा नव्हता, पण मापं तपासण्याच्या गेज ब्लॉकवाल्यांना जाणवायचा. स्वीडनच्या एस्किल्स्टुना गावातल्या बंदुकींच्या कारखान्यात काम केलेल्या कार्ल एडवर्ड योहान्सननं विसाव्या शतकाच्या आरंभी इंचातले गेज ब्लॉक बनवताना सरळ २५.४ धरलं. त्याचे ब्लॉक जगभरच्या कारखान्यांत गेले, आणि कायद्यात इंच काहीही असो, खात्यात तो योहान्सनचा झाला. ब्रिटिश उद्योगानं १९३० मध्ये आणि अमेरिकन उद्योगानं १९३३ मध्ये २५.४ मान्य केलं. सरकारी पातळीवर सहा इंग्रजी भाषक देशांचा करार अमलात आला तो १ जुलै १९५९ ला. म्हणजे चाक आधी आलं आणि इंचानं त्याच्याशी जुळवून घेतलं.

आट्यांच्या या फाटाफुटीची किंमत दुसऱ्या महायुद्धात चुकवावी लागली. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत बनवण्याचं काम डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीनं घेतलं, तेव्हा त्या इंजिनातले ब्रिटिश आटे पाडणारी हत्यारं अमेरिकेत मिळेनात. पॅकार्डला टॅप आणि डाय स्वतः बनवून घ्यावे लागले. युद्ध संपल्यावर १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या सामाईक इंची आट्यावर सह्या केल्या. त्याच्या आदल्या वर्षी आयएसओ ही जागतिक मानक संस्था उभी राहिली होती. तिच्या तांत्रिक समित्यांना क्रमांक दिले गेले त्यांतला पहिला क्रमांक, टीसी १, स्क्रूच्या आट्यांना मिळाला. जगात आधी कशावर एकमत व्हायला हवं, याचा त्या मंडळींना पुरता अंदाज होता.

भारतात इंच आला तो यंत्रांच्या पोटातून. मुंबईच्या गिरणगावातली चात्यांची आणि मागांची यंत्रं मोठ्या प्रमाणावर लँकेशायरची, म्हणजे व्हिटवर्थच्याच मुलखातली. परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधली इंजिनं आणि डबे ब्रिटिश. गिरणीतल्या मेकॅनिक खात्याला एखादा तुटलेला बोल्ट नवा करायचा असला की तो ५५ अंशांचाच करावा लागे. मिस्त्रींनी इंचाचे आठ भाग करून त्याला सूत म्हटलं आणि सगळा व्यवहार इंच-सुतात चालला. बांधकामावरची सळई अजूनही तीन सुती, चार सुती म्हणूनच मागितली जाते.

लेथही विलायतीच. किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० पासून कारखाना चालवला तो नांगर आणि शेतीची अवजारं यांचा. मराठी वाचकाला ही वाडी आणखी एका कारणानं आठवते, कारण तिथल्याच कारखान्याचं ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक १९२० मध्ये निघालं आणि पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. याच उद्योगघराण्याचा मशीन टूल्सचा कारखाना, म्हैसूर किर्लोस्कर, १९४१ मध्ये हरिहरला निघाला. तिथले लेथ पुढची कित्येक दशकं देशभरच्या खात्यांत आणि तंत्रशिक्षण संस्थांत दिसत राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बेंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्स उभी राहिली, ती स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकनच्या सहकार्यानं, म्हणजे मेट्रिक मुलखातून आलेलं तंत्र घेऊन.

संसदेनं वजनमापांचा कायदा केला तो १९५६ च्या डिसेंबरात. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम येऊ लागला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शेर, मण, गज कागदोपत्री निवृत्त झाले. ज्या ब्रिटननं आपल्याला इंच दिला, त्यानं मेट्रिककडे वळण्याची घोषणा केली ती १९६५ मध्ये. या बाबतीत दिल्लीनं लंडनच्या आधी पाऊल टाकलं, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. भारतीय मानक संस्थेनं मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ हे मानक आयएसओच्या तक्त्याबरहुकूम काढलं.

पण किराणा दुकानातला तराजू बदलायला नवी वजनं पुरतात. लेथ बदलायला भांडवल लागतं. १९६२ च्या १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, ठाण्याची वागळे इस्टेट, मग पिंपरी-चिंचवड आणि भोसरी असे पट्टे उभे राहिले, आणि त्यांतल्या लहान खात्यांत आले ते बरेचसे जुने, कुठल्या तरी गिरणीनं किंवा मोठ्या कारखान्यानं काढून टाकलेले इंची लेथ. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातही तीच तऱ्हा. आणि ज्यांना माल पुरवायचा त्यांची मागणी मिलिमीटरची होऊ लागली होती. टाटांचा ट्रक १९५४ पासून डायम्लर-बेंझच्या सहकार्यानं बनत होता, कुर्ल्याची प्रीमियर इटलीची फियाट बनवत होती, बजाजची स्कूटरही इटलीच्या व्हेस्पाचीच. ही सगळी मेट्रिक घराणी. त्याच रस्त्यावर महिंद्रची जीप अमेरिकन इंचाची, अँबॅसेडर ब्रिटिश मॉरिसची, आणि मद्रासला बनणारी बुलेट तर जुन्या ब्रिटिश सायकल आट्यांची.

गॅरेजवाल्याला त्यामुळे पान्यांचे तीन संच ठेवावे लागले. त्यांतही एक खोच होती. व्हिटवर्थच्या पान्यावर अर्धा इंच लिहिलेलं असलं तर ते बोल्टच्या जाडीचं माप. अमेरिकन पान्यावर अर्धा इंच लिहिलेलं असलं तर ते नटच्या दोन समोरासमोरच्या कडांमधलं अंतर. दोन्ही पाने शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याच्या दीडपटीहून मोठा. नव्या पोराला पहिल्या महिन्यात फसवायला एवढं पुरे होतं. अर्ध्या इंची बोल्टमध्ये आणखी एक सापळा: व्हिटवर्थचे इंचाला १२ आटे, अमेरिकन १३. नट दोन फेरे गोडीत चढतं आणि मग अडतं. पाना जोरानं ओढला की आटे गेले.

१९५० पासून सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत, म्हणजे आयटीआयमध्ये, टर्नरला हा सगळा गुंता एका सूत्रात बांधून दिला गेला: पाच गुणिले पिच गुणिले लीड स्क्रूचे इंचाला आटे, भागिले १२७. वर आलेला आकडा चालकाचा, म्हणजे फिरवणाऱ्या चाकाचा, खालचा चालिताचा, म्हणजे फिरणाऱ्या चाकाचा. इंचाला चार आटे असलेल्या लीड स्क्रूवर एम १२ चा बोल्ट कापायचा असेल तर त्याचं पिच १.७५ मिलिमीटर, पाच गुणिले १.७५ गुणिले ४ म्हणजे ३५. स्पिंडलच्या बाजूला ३५ दात्यांचं चाक, लीड स्क्रूवर १२७ चं, मधे दोघांना जोडणारं कुठलंही. परीक्षेत हे गणित हमखास असे.

गणित सुटलं तरी काम सुटत नाही, आणि टर्नरची खरी परीक्षा पुढेच. इंची लेथवर इंची आटे पाडताना एक कट संपला की तो हाफनट उघडतो, कॅरेज हातानं झपकन मागे आणतो, आणि डायलवरची रेघ जुळली की पुन्हा हाफनट मिटतो. टूल बरोबर आधीच्याच चरीत पडतं. मेट्रिक आट्यांना ही सवय चालत नाही. ३५ आणि १२७ चा मेळ असा आहे की जॉबचे १२७ फेरे होतात तेव्हा लीड स्क्रूचे बरोबर ३५ होतात. टूल आणि चर यांची गाठ पुन्हा पडते ती २२२.२५ मिलिमीटर अंतरावर. मधे कुठेही हाफनट मिटलं तर टूल पाडलेल्या आट्यांवर आडवं जाणार आणि जॉब भंगारात. म्हणून पहिल्या कटापासून शेवटच्या कटापर्यंत हाफनट उघडायचंच नाही. कट संपला की टूल मागे ओढायचं, मशीन उलटं फिरवून कॅरेज परत आणायचं, खोली द्यायची, पुन्हा सुलटं.

छतातल्या एकाच शाफ्टवर सगळं खातं चालायचं त्या काळात यासाठी दोन पट्टे असत, एक सरळ आणि एक तिढा दिलेला. दांडा सरकवला की तिढ्याच्या पट्ट्यावर लेथ उलटा फिरे. पुढे प्रत्येक लेथला आपापली मोटर आली आणि उलट-सुलट बटण आलं. खोली फार नसते, १.७५ पिचला साधारण १.०७ मिलिमीटर, पण ती आठ-दहा कटांत घ्यायची आणि प्रत्येक कटाला टूल ऐन वेळी मागे यायला हवं. बोल्टच्या डोक्याशी खांदा असेल तर चुकीला जागा नाही: चक फिरत असतं, टूल खांद्याकडे निघालेलं असतं, आणि हाफनट उघडायची मुभा नसते. डाव्या हातात बटण, उजव्या हातात क्रॉस स्लाइडची मूठ. जुने टर्नर शेवटाला टूल शिरण्याएवढा खाचा आधीच कापून घेत, तो याचसाठी. कोन तपासायला सेंटर गेज, आणि पहिला कट नुसता ओरखड्याएवढा. तो पिच गेजनं ताडून पाहिल्याशिवाय दुसरा नाही, कारण संचातलं एक चाक चुकलं तर ते इथेच कळलेलं बरं.

त्या थोरल्या चाकाचं स्वतःचं जन्म घेणंही त्रासाचं होतं. मिलिंग मशीनवर दाते कापताना डिव्हायडिंग हेडच्या भोकांच्या तबकड्यांवर जॉब मोजून फिरवतात. हेडच्या हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक. १२७ ला भाग जात नाही, त्यामुळे १२७ भोकांची तबकडी असल्याशिवाय सरळ मोजणी बसत नाही, आणि तशी तबकडी नेहमीच्या संचात नसते. मग डिफरन्शिअल इंडेक्सिंग करावं लागतं: हँडल फिरवायचं १२० दात्यांच्या हिशेबानं, ३९ च्या वर्तुळात १३ भोकं, आणि तबकडीला मागून ५६ आणि २४ च्या गिअरनं हळूहळू सरकतं ठेवायचं, म्हणजे पुऱ्या फेऱ्यात सात दात्यांचा फरक भरून निघतो. हाही परीक्षेचा आवडता प्रश्न.

लहान लेथांना आणखी एक अडचण होती. १२७ दात्यांचं चाक आकारानं मोठं. एक मोड्यूलचे बारीक दाते घेतले तरी १२९ मिलिमीटर व्यासाचं. ते झाकणात मावत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे ६३ चं चाक. ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, जे १.२७ च्या, म्हणजे १२७ भागिले १०० च्या, अगदी शेजारचं. चूक मीटरमागे सव्वाशे मायक्रॉनची. दहा मिलिमीटर जाडीच्या नटला ती एक-सव्वा मायक्रॉन होते, म्हणजे काहीच नाही. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडत, पण बोल्टला आणि गिऱ्हाइकाला ती चूक कधी सापडली नाही. लीड स्क्रूच कापायचा असेल तर मात्र नाक मुरडणाऱ्यांचं बरोबर.

सीएनसी लेथ आल्यावर चेंज गिअरच गेले. स्पिंडलवरचा एन्कोडर जॉबचा फेरा मोजतो, सर्व्हो मोटर टूलला त्याच्या मेळानं सरकवते, आणि इंच की मिलिमीटर हे जी २० आणि जी २१ या दोन कोडांवर ठरतं. ज्या खात्यात दिवसाला हजारो बोल्ट निघतात तिथे टर्नरला १२७ आठवण्याचं कारण राहिलं नाही. हाताच्या लेथवर येतं ते सुटं काम: जुन्या पंपाचा शाफ्ट, बंद पडलेल्या कंपनीच्या मशीनचा एखादा स्क्रू, तीस-चाळीस वर्षांच्या बुलेटचा ॲक्सल.

आणि तिथेही आता चित्र उलटं दिसतं. नव्या लेथांचे लीड स्क्रू मिलिमीटरमध्ये आहेत, पण नळाच्या आणि पाइपच्या फिटिंगचे आटे जगात बहुतेक ठिकाणी अजून व्हिटवर्थचेच आहेत, कोन ५५ अंश आणि माप इंचात. आयएसओनं ते आहेत तसे आपल्या मानकांत घेतले. अर्ध्या इंची नळाला इंचाला १४ आटे असतात आणि त्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाशी त्याचा कुठेच संबंध नाही. तो अर्धा इंच मूळच्या लोखंडी पाइपच्या आतल्या भोकाचा. ६ मिलिमीटर पिचच्या मेट्रिक लीड स्क्रूवर हे आटे पाडायचे तर चालक म्हणून १२७ आणि २०, चालित म्हणून १२० आणि ७० अशी चाकं चढतात, आणि हाफनट पुन्हा उघडायचं नसतं. कॅमेऱ्याचंही तेच: जपाननं तो पुरा मिलिमीटरमध्ये बनवला तरी तिपाईवर बसवायचं त्याच्या बुडातलं भोक पाव इंची आहे, इंचाला २० आटे, १८४१ च्या तक्त्यातल्या पाव इंची बोल्टला होते तेवढेच.